अक्कांची डोण

लग्नानंतर नगरला बिऱ्हाड थाटलं, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी हंड्यातलं कालचं पाणी गल्लीत ओतलं. आमच्या राहुरीकडे कालव्याचं पाणी. उजाडलं की शिळं ओतायचं, भांडं घासायचं, ताजं भरायचं. नव्या बायकोवर छाप पडावी म्हणून हे काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. ओल जमिनीत जिरायच्या आत घरमालकीण अक्का दारात उभ्या.

"राहुरीकर, पानी काय भाकर हाय व्हय, शिळं व्हायला?"

तेव्हापासून त्या घरात माझं नाव राहुरीकर पडलं. छाप पडली, पण ती अक्कांची.

अक्का पाथर्डीकडच्या. माहेरी झऱ्याशी बसून वाटीवाटीनं घागर भरण्यात त्यांचं बालपण गेलेलं. नळ दोन-तीन दिवसांआड यायचा, तोही करंगळीएवढा. तो आला की रांजण, पिंपं, कळश्या, पितळी डबे, कान तुटलेले कपसुद्धा त्या भरून ठेवत. हे सगळं स्वतःसाठी नव्हे. गल्लीतलं कुणीही रिकामी कळशी घेऊन आलं तरी भरून जायचं. "पान्याला न्हाई म्हनू नये," एवढंच त्या म्हणत. अर्ध्या गल्लीचा भात अक्कांच्या पाण्यात शिजायचा.

पिण्याचं पाणी त्या चौपदरी फडक्यानं गाळत. फडक्यात बारीक वळवळे उरत. ते मारायचे नाहीत, आणि त्यांच्याबरोबरचं चमचाभर पाणीही वाया घालवायचं नाही. मग ते फडकं अंगणातल्या दगडी डोणीत उलटं करून खळबळायचं. म्हैस चाऱ्यापायी विकली होती, पण तिला पाणी पाजायची डोण अक्का चिमण्यांसाठी भरून ठेवत. फडकं उलटायचं काम नात मंदाकडे होतं. तिची आई लवकर गेलेली. पोर अक्कांच्याच हातावर वाढलेली. "ज्येचा जीव त्येला," म्हणत मंदा फडकं बुडवायची आणि वळवळ्यांची कसरत बघत डोणीच्या काठाला हनुवटी टेकून बसायची.

एकदा मलेरियावाले आले. डोणीत डोकावून म्हणाले, "अक्का, हे ओतून टाका."

"मंग तू भरून देतू का?" अक्कांनी विचारलं. ते बिचारे भिंतीवर गेरूनं काहीतरी लिहून पुढच्या घरी गेले.

डासांचे अक्का लाड करत होत्या असं नाही. दिवेलागणीला कडुलिंबाचा धूर, दारं बंद, मंदा मच्छरदाणीत. पण ती सगळी लढाई रात्रीच्या डासांशी. दिवसाढवळ्या घोट्याला चावणारे, पायांवर पांढरे पट्टे असलेले कुणाच्या खिजगणतीत नव्हते. "चिलटं हायेत," अक्का म्हणत, आणि आम्ही खाजवून कामाला लागत असू.

त्याच सुमारास अक्कांचा मुलगा बबन मुंबईहून ट्रक घेऊन आला तो तापानं फणफणतच. अक्कांनी त्याची बाज डोणीशेजारी टाकली. घरात गार जागा तेवढीच. मंदा दिवसभर बापाशेजारी बसून त्याला पुठ्ठ्यानं वारा घालायची. बबन उठला, अंग झटकून पुन्हा ट्रकवर गेला.

थोडे दिवस गेले आणि गल्लीत घराघरांतून ताप निघाला. लोकांनी रेशनच्या लाल मिलो ज्वारीला शिव्या दिल्या. मीही पडलो. मुसळानं कांडल्यासारखी हाडं दुखत. मी असा कण्हलो की बायको म्हणाली, "अहो, बाकीच्यांनाही कण्हायचंय. त्यांचंही ऐकू येऊ द्या जरा."

मग मंदा पडली. तिचा ताप उतरला तेव्हा अक्कांनी गल्लीत साखर वाटली. त्याच दुपारी पोरीचे हातपाय गार पडले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मी आणि अक्का तिला टांग्यातून दवाखान्यात घेऊन गेलो. दिवेलागणीला मंदा गेली.

डॉक्टरांनी आम्हाला बाकावर बसवून सांगितलं, की हा ताप माणसाचा थेट माणसाला लागत नाही. तापकऱ्याला डास चावतो, आठ-दहा दिवसांनी तोच डास दुसऱ्याला चावतो आणि ताप देतो. हा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो. पाण्यातले वळवळे ही त्याचीच पिल्लं.

"डोनीतलं पानी सोच्छ हुतं, डागदर," अक्का म्हणाल्या.

"असल्याच पाण्यात होतो तो. घरात त्याआधी कुणाला ताप होता?"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई."

बाहेर आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "राहुरीकर, डोनीचं इचारलं तर सांगा. ताप मुंबईहून आला ते बबन्याला कळू द्यायचं न्हाई. त्यो जगायचा न्हाई." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांनाही होतं. बायकोला मी त्या रात्रीच सगळं सांगितलं.

मातीहून परतल्यावर त्या डोणीशी बसल्या. दगडी डोण कलंडत नाही. तांब्यानं उपसून त्यांनी ते सगळं पाणी तापलेल्या मातीत ओतलं. रिकाम्या कळश्या घेऊन आलेल्या बाया बघत उभ्या राहिल्या, एकीनंही कळशी पुढे केली नाही. मग अक्कांनी काथ्यानं डोणीच्या कडा घासल्या. पुढे दर शनिवारी पिंपं-रांजण कोरडे करून घासायचा नेम त्यांनी स्वतःला लावला आणि दारोदार फिरून गल्लीलाही लावला. गाळायचं फडकं मात्र पुन्हा दिसलं नाही.

मातीला आलेल्या बबनला डोणीचं कळलं. त्यानं आईच्या हातचं जेवण सोडलं. त्या रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवत, आणि संध्याकाळी तेच स्वतः जेवत.

वर्षभरात माझी नेवाशाला बदली झाली. सामान बबनच्याच ट्रकमध्ये चढलं. अक्कांनी नळाखाली धरून तांब्या भरला आणि बायकोच्या हातात दिला. "ताजं हाय," म्हणाल्या. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं.

घोडेगाव मागे पडलं आणि बबन समोर बघत बोलू लागला. "म्हातारीच्या पान्याच्या हावेनं माझी पोर खाल्ली, राहुरीकर. तुमी हुता ना दवाखान्यात? सांगा, खोटं हाय का?"

माझं तोंड उघडलं. जिभेवर सगळं आलं होतं.

बायकोनं तांब्या माझ्या ओठांना लावला.

"आधी पाणी प्या," ती म्हणाली, "अक्कांनी भरून दिलंय."