गॅलरी भरली तो रविवार

मी गोलकीपर होते आणि मला चेंडूची भीती वाटायची. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या ज्युनिअर मुलींच्या संघात सगळ्यांत उंच मी, म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी पॅड माझ्या पायाला बांधले आणि म्हणाले, "तू दारात उभी राहा फक्त." नुसतं उभं राहणंच अवघड होतं. आमचं मैदान म्हणजे शाळेमागची मुरमाड जागा. हॉकीचा चेंडू दगडासारखा कडक असतो, आणि तो मैदानातल्या खड्यावर आपटला की कुठल्या बाजूला उडेल याचा काही भरवसा नसायचा. आमच्या एका बचावपटूचे पुढचे दात असेच गेले. तिनं तोंडावर ओढणी धरली होती आणि ओढणी भिजत चालली होती. त्यानंतर तिच्या घरच्यांनी तिला पाठवलं नाही. मी जात राहिले, पण सामन्याच्या आदल्या रात्री मला जेवण जायचं नाही.

म्हणून नवीन मैदान ही आमची हौस नव्हती. सपाट, खडे नसलेलं, कडेला बसायला पायऱ्या असलेलं मैदान मिळावं म्हणून सर कितीतरी दिवस खेटे घालत होते. मुळशीच्या या बाजूला, नांद्याकडून सूसकडे जाताना, शेतं मोडून इमारती उभ्या राहत होत्या. प्रत्येक सोसायटीला क्लब होता, पोहायचा तलाव होता. आम्हाला एक मैदान मिळायला काय हरकत आहे, असं सरांना वाटायचं.

एकदा मैदान मंजूर करणं ज्यांच्या हातात होतं ते साहेब आमचा सामना बघायला आले. त्या दिवशी मैदानाच्या कडेला शाळेचा शिपाई, दोन-चार आया आणि समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं एवढीच होती. साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं आणि सरांना विचारलं, "मैदान द्यायचं, पण कुणासाठी? बघायला येतं कोण?" जाता जाता साहेब म्हणाले, "पुढच्या सामन्याला परत येतो. माणसं दाखवा, मग बोलू."

मग आम्ही माणसं गोळा करायला निघालो. सराव झाला की घामानं भिजलेल्या कपड्यांवरच वाड्या-वस्त्यांवर जायचं. "काकू, रविवारी मॅचला या. आजी, तुम्ही पण या." डोंगराकडच्या वस्तीवरचे लोक हसायचे. "पोरींची हॉकी? यिऊ की. चहा हाय का?" माझी आई सूसमधल्या एका सोसायटीत स्वयंपाकाची कामं करायची. तिनं ज्या ज्या घरी पोळ्या लाटल्या त्या प्रत्येक घरी सांगितलं. "माझी पोरगी गोलात उभी ऱ्हाती. या बघायला." वडील पाण्याचा टँकर चालवायचे. धूळ फार उडते, साहेबांच्या तोंडावर उडायला नको, म्हणून सरांनी त्यांना सामन्याच्या सकाळी मैदानावर एक टँकर मारायला सांगितला. वडिलांनी एकाच्या जागी दोन मारले.

बसायला गॅलरी हवी होती. मांडववाल्यानं लोखंडी पाइप आणि फळ्यांची एक उंच गॅलरी उभी करून दिली. समोर लाल-पांढरं कापड ताणून लावलं. जागा एकाच बाजूला होती, ओढ्याकडे. तिथे पूर्वी मोठा खड्डा होता. इमारतींच्या कामाचा राडारोडा टाकून तो भरून काढला होता आणि वर मुरूम पसरला होता. वरून बघितलं तर बाकीच्या मैदानासारखीच जमीन दिसायची.

रविवारी मी पॅड बांधत होते तेव्हा आमची कॅप्टन धावत आली. "चल ना बाहेर, बघ तर!"

मी बाहेर आले. एवढी माणसं मी फक्त जत्रेत बघितली होती. वस्तीवरचे लोक, सोसायटीतल्या बायका गॉगल लावून, बांधकामावरचे हिंदी बोलणारे मजूर, शेळ्या घरी बांधून आलेले म्हातारे. गॅलरी तळापासून वरपर्यंत भरली होती. वरच्या फळीवर पोरं हलगी घेऊन बसली होती. आई मधल्या रांगेत, नवीन साडीत. तिनं मला हात केला. साहेब समोरच्या बाजूला छोट्या मांडवात खुर्चीवर बसले होते. सरांचा चेहरा इतका उजळला होता की मला त्याचीही भीती वाटली. आता हरलो तर या सगळ्यांसमोर हरणार.

पहिला अर्धा खेळ कसा गेला ते मला नीट आठवत नाही. एक चेंडू छातीवर आला, एक पायाला लागून बाहेर गेला. गोल झाला नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि माझा गोल गॅलरीच्या टोकाशी आला.

आमच्या मुली चांगल्या खेळत होत्या. चेंडू पार पलीकडच्या गोलापाशी होता. हलगी वाजत होती, लोक पाय आपटत होते, फळ्या दणदणत होत्या. मला करायला काही नव्हतं. मी बाजूला बघितलं.

सकाळी त्या लाल-पांढऱ्या कापडाची कड जमिनीपासून वीतभर वर होती. आता कोपऱ्याकडची कड चिखलाला टेकली होती.

कापड सैल झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग मला कोपऱ्याचा पाइप दिसला. त्याच्या बुडाशी ठेवलेली फळी दिसतच नव्हती. तिच्या जागी ओला मुरूम होता आणि लोकांनी पाय आपटले की त्यातून गढूळ पाणी वर येत होतं. टँकरचं पाणी उतारानं तिकडेच जाऊन मुरलं होतं. वर बसलेल्या कुणालाच ते दिसणं शक्य नव्हतं. ते सगळे खेळाकडे बघत होते.

मी ओरडले. हेल्मेटमधून माझाच आवाज माझ्या कानात घुमला. मी दोन्ही हात वर करून हलवले. लोकांना वाटलं मी खुशीत आहे. त्यांनीही हात हलवले. आईनं सुद्धा हलवले, हसत.

तेव्हा जी भीती वाटली ती चेंडूच्या भीतीसारखी नव्हती. चेंडूच्या भीतीत अंग आखडतं. या भीतीत अंग माझं राहिलंच नाही. गोल सोडायचा नाही हे सरांनी इतकं शिकवलं होतं की पाय दोनदा पुढे जाऊन मागे आले. मग मी हेल्मेट काढून फेकलं आणि धावत सुटले. पायाला ते जाड पॅड, बुटांवर चेंडू लाथाडायचे जाड किकर. धावणं कसलं, पाण्यातून चालल्यासारखं वाटत होतं.

"आई! उतर! खाली उतर! गॅलरी खचतीय!"

मागून शिटी नाही, काही नाही. चेंडू आमच्या बाजूला आला होता आणि मोकळ्या गोलात त्यांनी तो मारला. वरून एकच गलका झाला. "ए, गोल सोडून कुटं पळतीयास! येडी झालीस का!" कुणीतरी शिवी दिली. सर मैदानाच्या कडेनं माझ्याकडे धावत येत होते, हात पसरून, परत जा म्हणून.

पण आईनं माझा चेहरा बघितला होता. ती उभी राहिली. तिनं खाली वाकून फळ्यांच्या फटीतून काय बघितलं मला माहीत नाही. आमच्या शेळ्या डोंगरावर लांब गेल्या की ती जशी हाक मारायची, त्या आवाजात तिनं हाक मारली.

"उठा गं समद्या! खाली उतरा! पळू नगा. एकएक जण उतरा, न्हाईतर आंगावर पडाल!"

तिच्या शेजारच्या बायका उठल्या. त्या उतरताना बघून पुढच्या उठल्या. हलगी थांबली नव्हती. वरची पोरं अजून वाजवत होती, त्यांना वाटलं भांडण लागलंय. सोसायटीतल्या एक बाई मधेच थांबून म्हणाल्या, "काय झालंय नक्की?" आईनं त्यांचा दंड धरून त्यांना खाली ढकललंच. "मागनं इचारा, मॅडम."

सर माझ्यापाशी पोचले, रागानं लाल झालेले. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी पाइपाकडे बघितलं आणि त्यांचा रंग उडाला. ते वरच्या पोरांकडे धावले.

अर्ध्याहून जास्त गॅलरी रिकामी झाली असेल तेव्हा तो आवाज आला. मोठा नव्हता. कुणीतरी करकरा दात खावेत तसा, लोखंडाचा. मग कोपरा खाली गेला आणि सगळी गॅलरी ओढ्याकडे कलली. वरची पोरं उड्या मारून सुटली. हलगी घरंगळत ओढ्यात गेली. फळ्या एकमेकींवर आपटत सुटल्या, धूळ उठायला हवी होती पण सगळं ओलं होतं, नुसता चिखल उडाला. एक आजोबा खालच्या रांगेत अडकले. त्यांचा पाय फळीखाली होता आणि ते ओरडत नव्हते, नुसते आमच्याकडे बघत होते. वडील टँकरपासून धावत आले. त्यांनी, सरांनी आणि आमच्या संघातल्या मुलींनी मिळून पाइप उचलून धरला. दुसऱ्या संघातल्या मुलीही आल्या. मी जड हातमोजे घालूनच पाइप धरला होता, तो हातातून सटकत होता आणि मला वाटत होतं, आता माझ्यामुळेच त्यांचा पाय जाणार.

पाय मोडला होता, पण वाचला. बाकी खरचटणं, मुका मार, एका बाईचं मनगट. एवढंच. एवढंच, असं मी आज लिहिते. त्या दिवशी आई सापडेपर्यंत मी माणसांना खांद्याला धरून वळवून त्यांचे चेहरे बघत होते. ती गॅलरीच्या पलीकडे उभी होती. नवीन साडी कमरेपर्यंत चिखलात. मी तिला मिठी मारली तर तीच थरथरत होती, ती, जी इतका वेळ शांतपणे लोकांना उतरवत होती.

साहेब तिथे आले. आई त्यांच्याकडे वळली. मला वाटलं आता ही काहीतरी बोलून बसणार आणि सगळंच संपणार.

"साहेब, मानसं बघायची हुती ना तुमास्नी?" ती म्हणाली. "बघितलीत?"

साहेबांनी मान खाली घातली. आजोबांना त्यांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

पुढचे दिवस मला त्या रविवारापेक्षा वाईट गेले. गावात बोललं जाऊ लागलं की टँकरच्या पाण्यानं जमीन खचली. वडील अंगणात बसून राहायचे. कुणी मोटारसायकलवरून दारापुढून गेलं की मान वर करायचे. पोलीस येतील असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. शाळेतून घरी येताना दारात चपला जास्त दिसल्या की मी अंगणाबाहेरच थांबायचे. एका संध्याकाळी खरंच चपला होत्या. आत सर बसले होते. ते वडिलांना म्हणाले, "पाणी मी मागवलं. जागा मी दाखवली. चावडीवर मी तसं सांगून आलोय. तुम्ही उद्यापासून गाडी काढा."

आईनं चहा टाकला. सर चहा पिताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तो गोल पंचांनी वहीत लिहिलाय बरं का. सामना पुन्हा होणार, पण तो गोल तुझ्याच नावावर." मला हसावं की रडावं कळेना. सामना पुढे पुण्यात एका दुसऱ्या मैदानावर झाला आणि आम्ही तो हरलो. बघायला आमचे आईबापही आले नाहीत. गावातून निम्म्या मुलींचं सरावाला येणंच बंद झालं.

नवीन मैदानाचं नाव कुणी काढेना. आम्ही धरून चाललो होतो की ते गेलं. पण साहेबांनी ते सोडलं नव्हतं. पावसाळा संपल्यावर ते माणसं घेऊन आले आणि टेकडीच्या पायथ्याशी घट्ट जमीन शोधून मोजणी करून गेले. पाइप नाहीत, फळ्या नाहीत. टेकडीचा उतारच कापून दगडी पायऱ्या करायच्या. काम अजून चालू आहे. कधी महिनाभर बंद पडतं, कधी एकदम पाचसहा गडी दिसतात. पण मैदान सपाट झालंय, खडे वेचून काढलेत, आणि त्यावर आता ज्युनिअर मुली खेळतात. मी बावधनच्या कॉलेजात शिकते आणि रविवारी त्यांच्या गोलकीपरला शिकवायला जाते. ती माझ्यापेक्षा पुष्कळ धीट आहे.

सरांना आता पायऱ्या भरायच्या आहेत. परवा सामन्याआधी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. पायऱ्यांवर तुरळक माणसं होती, एकमेकांपासून लांब लांब बसलेली. काही तर पायऱ्या सोडून रस्त्याच्या कडेलाच उभी होती.

"अजून येतील गं?" सरांनी विचारलं. "सांगितलंय सगळीकडे."

"येतील की," मी म्हटलं.

रस्त्यावर एक टेम्पो थांबला. त्यातून वस्तीवरच्या बायका उतरू लागल्या, एकीमागून एक, हसत, पदर सावरत. सर खूश होऊन त्यांना घ्यायला पुढे गेले. मी पायऱ्यांच्या बुडाशी गेले आणि दगडावर टाच मारून बघितलं. मग शेजारच्या दगडावर. एकही हलला नाही. तरी मी शेवटच्या पायरीपर्यंत गेले.