ऑर्गनवाल्याचा फोटो

लंडनमध्ये, एजवेअरला, आमच्या भिंतीला भिंत लागून ऐंशी पार केलेल्या एक बाई राहतात. त्यांचे पणजोबा चर्चमधले ऑर्गन बांधायचे. बाह्या दुमडून, ऑर्गनच्या पाइपांपुढे उभे असलेले पणजोबा बाईंच्या स्वयंपाकघरात टांगलेले होते. काचेच्या चौकटीतला त्यांचा तो एकुलता एक फोटो. रिटायर झाल्यावर मला काहीतरी उद्योग हवाच होता. म्हटलं, तुमचं घराणं मी जुन्या वर्तमानपत्रांतून शोधून काढते.

लायब्ररीच्या कार्डावर ती घरबसल्या वाचता येतात. घराणं दोन भावांचं. दोघांनीही आपापल्या मुलाला एकच नाव ठेवलेलं; थोरल्याचा मुलगा म्हणजे बाईंचे पणजोबा. मग कोर्टाची एक बातमी सापडली. त्या नावाचा ऑर्गनवाला बायकोमुलांना वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधार गरिबांना कामाला जुंपून ठेवायच्या जागेच्या, दारात सोडून पळाला होता. बातमीत त्याचं मधलं नाव थोरल्या भावाचं. आपल्याकडे मधलं नाव बापाचंच असतं, त्यामुळे मला दुसरी शंकासुद्धा आली नाही. तीस वर्षं या देशात काढून ही अक्कल!

बातमी छापून, पिवळ्या पेनाने रंगवून, मी तोऱ्यात बाईंकडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली.

"नक्की ना?"

"शंभर टक्के," मी म्हटलं.

त्यांनी चहा दिला, पण नेहमीचा बिस्किटांचा डबा काही काढला नाही.

तीन आठवड्यांनी धाकट्या भावाचा मृत्युलेख हाती लागला. त्यात मुलाचं पूर्ण नाव होतं; पळालेला मुलगा त्याचा होता. मधलं नाव थोरल्या काकाचं, मान म्हणून ठेवलेलं. एका भल्या माणसाला मी त्याच्याच पणतीसमोर बदनाम केलं होतं.

नवरा म्हणाला, "अगं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग. इट्स गुड न्यूज फॉर हर!"

गेले. सांगितलं, माफी मागितली. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघितलं. भिंतीवर फोटोच्या जागी नुसता खिळा होता.

"मी तो रिसायकलिंगमध्ये टाकला," त्या म्हणाल्या. "तू कागद दिलास, त्याच आठवड्यात."

त्यांची पाठ दुखते, म्हणून दर बुधवारी त्यांची रिसायकलिंगच्या कचऱ्याची बिन मीच रस्त्यावर नेते. त्याही बुधवारी नेली होती. ओढताना आत काच खळखळली, तेव्हा जॅमच्या बरण्या असतील असं मला वाटलं होतं.