सहाच्या आधी सात

"डोळा अक्षरात गेला की हात चुकतो," असं तिचे वडील सांगत. पुस्तक बांधणाऱ्याने पुस्तक वाचू नये, हा त्यांचा धडा. त्यांच्यामागे ते एका खोलीचं दुकान तिने तीस वर्षं सांभाळलं. लांब टेबल, खळीचं भांडं, दाभण, दोऱ्याची रिळं. छापखान्यातून सोळा-सोळा पानांचे फर्मे येत. त्यांच्या चळती टेबलावर ओळीने मांडायच्या, चालत चालत प्रत्येकीतून एकेक उचलायचा, शिवायचं, पुठ्ठा चढवायचा. हजारो पुस्तकं तिच्या हाताखालून गेली. काम करता करता तिने वाचलं ते एकच, आणि तिथेच घोळ झाला.

ते होतं रेडिओमास्तरांचं. पलीकडच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारा हा एकटा माणूस. ताऱ्यांपलीकडच्या एका तळावर झालेल्या खुनाची गोष्ट त्याने फावल्या वेळात लिहिली होती. मोजूनमापून जगणारा गडी. प्रत्येक प्रकरणसुद्धा बरोबर सोळा पानांचं, एका फर्म्यात एक. सहाव्या प्रकरणात तळावरचा म्हातारा शास्त्रज्ञ दोन पेल्यांत चहा ओततो. दुसरा पेला कुणाचा? तिला राहवेना. तिने सातवी चळत जवळ ओढली, वरचा फर्मा उभ्या उभ्या वाचला, आणि ती चळत तशीच सहावीच्या आधी राहिली. दोनशेच्या दोनशे प्रती तशाच शिवल्या गेल्या.

प्रती वाटून झाल्यावर तिने घरी एक उघडली. शास्त्रज्ञ खुर्चीत मरून पडला होता. पान उलटलं, तर तो चहा ओतत होता! तिने प्रकरणांचे आकडे पाहिले. सहाच्या आधी सात.

पण वाचणारे खूश. "मेलेला माणूस चहा ओततो! पानांचे आकडेसुद्धा मागेपुढे टाकलेत, काय डोकं आहे!" मास्तरांना लांबलांबून पत्रं आली. मास्तर काही बोलले नाहीत, तीही बोलली नाही. नऊ वर्षं अशीच गेली. ते काही निमित्ताने दारात आले की तिला नेमकी सुई ओवायची आठवण होई.

"वन्सं," शेजारी खळ लावणारी भावजय म्हणायची, "ओवली असेल एव्हाना. निदान वर तरी बघा."

आणि एका सकाळी मास्तर गठ्ठे घेऊन आले. "दुसरा भाग. अकरा फर्मे आहेत, बारावा मागून देतो."

ते गेल्यावर तिने हात पुसले आणि वडिलांची क्षमा मागून वाचायला बसली. क्रम चुकला हे याला माहीत आहे का, एवढंच तिला कळायला हवं होतं. माहीत नसेल तर सांगणं भाग होतं, आणि सांगितलं तर हा पुन्हा या दारात येईल का?

दुसऱ्या भागात तळावर नवा तपासनीस येतो. मेलेला माणूस चहा कसा ओततो? लोक म्हणतात, इथे काळ उलटा वाहतो. तपासनिसाला ते पटत नाही. तो एकेक घड्याळ उघडून बघतो, एकेक दार ठोठावतो. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी तो एका खोलीचं दार ठोठावतो. आत एक बाई अंतराळवीरांचे पोशाख शिवत असते. दाभणाने तिच्या अंगठ्याला घट्टा पडलेला असतो.

तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"अहो, चाललात कुठे?" भावजय ओरडली. "खळ वाळतेय!"

"वाळू दे."

मास्तर एका रेडिओचं पोट उघडून बसले होते.

"सहाच्या आधी सात मी लावला," ती दारातूनच म्हणाली. "वाचत होते म्हणून."

"पहिल्याच दिवशी कळलं," मास्तर वर न बघता म्हणाले. "रागावून निघालो होतो तुमच्याकडे. वाटेत पुन्हा वाचलं. माझ्या क्रमाने सहामागून सात वाचलं की खुनी लगेच कळत होता, बाई. तुमच्यामुळे लोक शेवटपर्यंत टिकले."

"मग नऊ वर्षं गप्प का?"

"तुम्ही सुई ओवत होतात ना!"

तिला हसू फुटलं. "आणि बारावा फर्मा?"

मास्तरांनी फळीवरून एक गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला. पानं कोरी होती.

"तो दार ठोठावतो, इथवर मला सुचलं. ती दार उघडते का, ते मला ठाऊक नाही. म्हणून छापायचं थांबलोय."

तिने कोरी पानं अंगठ्याने सरकवत मोजली. पुरती सोळा.

"उघडते म्हणून लिहा," ती स्टूल ओढून बसली. "आणि चहा दोन पेल्यांत ओता. पहिल्या भागात तो दुसरा पेला कुणाचा, ते तुम्ही सांगितलंच नाहीत."