अँगस, डावा बॅक

गोल झाला की अँगस टाळी वाजवत नसे. ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला आमच्या शेजारी राहणारा, नव्वदी ओलांडलेला हा स्कॉटिश म्हातारा मॅच बघताना खुर्चीत पाय ताणून शांत बसायचा. एखाद्या डिफेंडरने समोरच्याच्या पायातला चेंडू अलगद काढून घेतला, की मात्र मांडीवर थाप मारून म्हणायचा, "बघ! याला म्हणतात सभ्य चोरी." एवढ्या मोठ्या माणसाला अरे-तुरे करणं माझ्या जिभेवर येईना; पण 'मिस्टर' म्हटलं की तो चिडायचा. म्हणून नुसता अँगस.

तरुणपणी तो स्कॉटलंडमधल्या एका क्लबकडून डावा बॅक खेळायचा. हे मला कळलं ते बाबांमुळे. बाबा कोल्हापूरचे, पेठेच्या टीममधून उजवा बॅक खेळलेले. आई गेल्यावर मी त्यांना हट्टाने इकडे आणलं, पण ते दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. जेवण निम्मं ताटात. एका दुपारी मी त्यांना जबरदस्तीने अंगणात आणलं. अँगस तिथेच होता. झाडाखाली पडलेलं लिंबू त्याने बुटाने बाबांकडे ढकललं. बाबांनी ते चपलेने अडवलं आणि परत दिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अँगसचं इंग्रजी तर मलाही अर्धंच कळायचं. पण त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

मग रोज संध्याकाळी दोघं आमच्या व्हरांड्यात बसू लागले. एकदा बाबा मला म्हणाले, "इचार त्याला, एवढा खेळायचा तर सोडलं का?"

मी विचारलं. अँगस म्हणाला, "एका मॅचला मी टॅकल केला, चेंडू काढायला पाय घातला. माझा पाय चेंडूवरच होता, पण समोरच्याचा पाय मोडला. तो पुन्हा कधी खेळला नाही. मी हॉस्पिटलात गेलो, तर तोच म्हणाला, तुझी चूक नव्हती. पुढच्या मॅचला उतरलो, पण माझा पायच पुढे जाईना. पाय न घालणारा बॅक काय कामाचा? जहाजात बसलो आणि इकडे आलो."

मी मराठीत सांगितलं. बाबा उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याला म्हणावं, हिच्या वेळी डॉक्टरपण मला तेच म्हणाले. तुमची चूक नाही. पण मन ऐकतंय व्हय?"

आई गेल्यापासून बाबा तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होते. कसंबसं मी ते इंग्रजीत सांगितलं.

"ऐकत नाही," अँगस म्हणाला. "पण शेजारी कुणी बसलं की जरा गप्प राहतं."

व्हिसा संपला, बाबा परतले. यंदाच्या हिवाळ्यात अँगस झोपेतच गेला. मी फोन केला तेव्हा बाबा फक्त "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "काल ग्राउंडवर गेलो होतो. पेठेच्या टीमची प्रॅक्टिस थांबवली, पोरांना त्याच्यासाठी मिनिटभर उभं केलं. इचारत होती, कोण होते म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, माझ्या जोडीला खेळायचा."