काकू उपड्या झोपत नाहीत

"आधी उतरू द्या, मग चढा," असं म्हणतच काकाजी माझ्या दुकानात शिरायचे. दुकानात मी एकटा असलो तरी. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म गेला, रिटायर झाले तरी दारातली गर्दी काही डोक्यातून गेली नव्हती.

सिंदी मेघेत तेव्हा माझं इंटरनेटचं दुकान होतं. नवा स्कॅनर घेतला होता आणि त्याची मला भारी मिजास होती, कबूल करतो. मस्कतच्या लेकीचा मेल आला का, हे विचारायला काकाजी रोज यायचे. एक दिवस आला. नातवाचं बारसं रविवारी आहे, पाळण्याजवळ ठेवायला आईचा फोटो पाठवा. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या आणि त्यांचा धड असा फोटो एकच होता, भिंतीवरचा.

शुक्रवारी काकाजी तो फ्रेमसकट घेऊन आले, चादरीत गुंडाळून, हारही तसाच. मी हार काढला, फ्रेम पालथी करून स्कॅनरच्या काचेवर ठेवणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिले उपडं काऊन करून राह्यला?"

"काकाजी, स्कॅनरमध्ये तोंड खाली करूनच ठेवावं लागतं."

"मान खाली घालावी असं काय केलं तिनं? अन् उपडी ती कधीच झोपली नाई. दम लागे तिले."

मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले, तिला अर्धं मिनिटही सोसायचं नाही. गिऱ्हाइकांत दोन पार्ट्या पडल्या. एक मास्तरीणबाई म्हणाल्या, फोटोला कुठला आलाय दम? पण शेजारचा सोनार काकाजींच्या बाजूने उठला आणि नागपूरहून आणलेला आपला डिजिटल कॅमेरा घेऊन आला. माझा स्कॅनर चार लोकांत नापास झाला. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू.

काकूंना खुर्चीवर बसवलं. सोनार कॅमेरा रोखतो तर काकाजी म्हणाले, "मले दे. परक्या माणसासमोर लाजते ती."

फोटो निघाला. फ्रेमच्या काचेत अख्खे काकाजी उमटले, टक्कल, पोट, हातातला कॅमेरा, सगळं बरोबर काकूंच्या खांद्याशी. पुन्हा काढला, पुन्हा तेच. फ्रेम तिरपी केली, दाराकडे वळवली, काकाजींना वाकवलं. काच काढावी तर फोटो ओल लागून तिला चिकटलेला. अकरा फोटो काढले, अकराही फोटोंत हे हजर. "माह्या नातवाले भूत दिसन," ते रडवेले होऊन म्हणाले. पण बारसं थोडंच थांबणार होतं? त्यातल्या त्यात बरा होता तो मी पाठवून दिला.

सोमवारी उत्तर आलं. मी वाचून दाखवलं, "बाबा, आईसोबत तुमचा फोटो मी पहिल्यांदाच पाहिला. बारशाला तुम्ही दोघंही होतात."

"अजून एकदा वाच," काकाजी म्हणाले. मी चारदा वाचलं.

काकाजी गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेरवीला लेकीने तोच फोटो मोठा करून पाटावर ठेवला होता, दोघांना मिळून एक हार. आलेले लोक विचारत होते, काकाजींचं तोंड असं उघडं काऊन? मी तिथे होतो, मला ऐकू आलं होतं. कॅमेऱ्याचं बटण दाबता दाबता ते काकूंना बजावत होते, "हालू नको वं."