लहान विहिरींचं कलम

न्यू मेक्सिकोच्या तेलपट्ट्यात अठरा वर्षं तपासनीस राहिलेल्या एलोइसा आर्चुलेटाने नव्या नियमाच्या मसुद्यात एक कलम हट्टाने घातलं होतं: लहान तेलविहिरींचीही गॅसगळती दर महिन्याला तपासायची. ते ठेवायचं की उडवायचं, हे ठरवायला नियम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष स्वतः अशाच एका लहान विहिरीवर आले.

"बाई, इथं कसली गळती? तुम्हाला भास होतात," कंपनीचा मॅनेजर ट्रॅव्हिस हसला. त्याच्या ओठांत न पेटवलेली सिगारेट होती.

"मग पेटवा की ती, या तेलाच्या टाकीला टेकून! आम्ही लांबून बघतो."

ट्रॅव्हिसने टाकीकडे पाहिलं आणि सिगारेट परत पाकिटात ठेवली.

"झाली यांची साक्ष," एलोइसा कडाडली. "आता उडवून दाखवा माझं कलम!"

अध्यक्षांनी तिथेच मसुद्यावर लिहिलं, 'कलम राहील.'