धोंड्याच्या महिन्यात सासूबाई कुणाच्या?

वैशाखाची अमावास्या होती. बोरीतल्या आमच्या घरी मी सासूबाईंचं गाठोडं बांधून दारात बसले होते... उद्यापासून ज्येष्ठ, आणि ज्येष्ठ थोरल्या भाऊजींचा.

विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीतली वर्षं ती. सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून दोघा भावांनी महिने वाटून घेतले होते. एक आमचा, एक त्यांचा... म्हणायला. त्यांच्या महिन्यातही दोन दिवसांआड जाऊबाईंचं बोलावणं यायचंच, "तुझ्याच हातानं जेवतात गं."

या खेपेला मात्र मला महिना हवाच होता. माझी पाळी थांबत नव्हती. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पिशवी काढा, उशीर करू नका. त्यात आज मोर्चा, उद्या बंद... एसटी कधी थांबेल त्याचा भरवसा नव्हता.

भाऊजी आले, पण न्यायला नाही. पंचांग बघून आले होते.

"ह्यो अधिक ज्येष्ठ हाय. धोंड्याचा महिना हिशोबात धरत न्हाईत. निज ज्येष्ठ लागला की नेतो." चहा पिऊन गेले.

जाऊबाईंना ऑपरेशनचं माहीत होतं. विहिरीवर भेटल्या तर म्हणाल्या, "बायांना होतच असतंय गं. धर की जरा दम." ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय.

मालक म्हणाले, मी बघतो आईकडं. पण लुगडं बदलायला, अंग पुसायला सासूबाई लेकाला हात लावू देत नव्हत्या. आणि मग दवाखान्यात माझ्याजवळ कोण? चुलीपुढं डोळ्यांसमोर अंधारी यायची... मनात एकच. मला काही झालं, तर माझी लेकरं कुणाच्या वाटणीला जातील?

आठवड्यानं सोनपेठची नणंद आणि जावई धोंडे खायला आले. पुरण वाटता वाटता मी पाट्यावरच कलंडले. नणंदेनं मला उचललं, माझं लुगडं बघितलं, आणि काही विचारलं नाही. बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलली.

जेवणं झाली. मालकांनी मानाचं धोतराचं पान आणि वाण ताटात घालून पुढं केलं, तर जावयानं ताट सरकवलं. "हे ऱ्हाऊ द्या. म्या मामींना घेऊन जातो."

सगळ्यांच्या नजरा सासूबाईंकडं वळल्या. त्या लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. सोनपेठला गेल्या तरी शेजारणीकडं जेवायच्या. आता अशा अवस्थेत त्यांना कोणती शेजारीण भरवणार...

मी त्यांच्याकडं बघायचंच टाळलं. नाही म्हणाल्या तर माझ्याकडं दुसरा रस्ता नव्हता.

सासूबाईंनी डाव्या हातानं खूण करून उशाला टेका मागितला. तोंड वाकडं झालेलं, शब्द लडबडायचे... पण त्या दिवशी एकेक शब्द कळला.

"थोरला म्हनतो ह्यो महिना हिशोबात न्हाई. मंग माजा नेम तरी कशाला धरू हिशोबात? चला जावईबापू."

जावई खाली मान घालून हसले. मला मात्र रडू आवरेना... त्या म्हणाल्या, "रडू नगं. जा, दवाखान्यात जा आधी."

तीन-चार दिवसांत ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थांबला असतात तर अवघड होतं.

पुढं नणंदेनं सांगितलं. पहिल्या दिवशी तिनं पाण्याचा तांब्या आणला, तर सासूबाई कितीतरी वेळ त्याच्याकडं नुसतं बघत होत्या. मग डोळे मिटले आणि प्यायल्या.

सासवांबद्दल लोक काय काय लिहितात... मी आपली लय वेळा त्या तांब्याला मनातल्या मनात हात जोडते.